दाजींचा राजपोशाख

राजाचा पोशाख दाजींना बसत नव्हता. म्हणजे खांद्यात बसत होता, पोटावर अडत होता. दुकानातली पोरगी कोरियन भाषेत त्यांची समजूत घालत होती आणि दाजी जयसिंगपूरच्या मराठीत तिची. दोघांचं उत्तम चाललं होतं.

"तिला सांग, आतला शर्ट काढणार न्हाई मी," दाजी मला म्हणाले. "राजा झालो म्हणून काय झालं, गारठा हाय."

"शर्ट काढा म्हणत नाही ती. पोट आत घ्या म्हणतीये."

"मग तसं सांग की."

त्यांनी पोट आत घेतलं. पोरीनं मागून पट्टा ओढला आणि चर्रकन चिकटवला. कोरियाच्या राजाचा पट्टा पाठीमागे वेल्क्रोनं चिकटवतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. सत्तेविषयीच्या कुठल्याही पुस्तकात हा मुद्दा आलेला नाही.

आक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. साडीवर स्वेटर, पायात पांढरे बूट, मांडीवर कापडी पिशवी. ती म्हणाली, "टोपी पण घाला."

"टोपी कशाला आता?"

"राजा बोडका असतोय व्हय?"

दाजींनी टोपी घातली. काळी, मागं दोन कानांसारखे पंख असलेली. लाल झग्यावर छातीशी सोनेरी ड्रॅगन. आरशात त्यांनी स्वतःकडं बघितलं आणि मिशीवरून बोट फिरवलं.

"श्रेणिक, फोटो काढ. सन्मतीला दाखवू. हसंल जरा."

मी फोटो काढला. हात हलला म्हणून दुसरा काढला.

सन्मती, आक्का-दाजींचा एकुलता एक मुलगा आणि माझा भाचा, त्या दिवसाच्या दोन रात्री आधी वारला होता. सोलमध्ये एका कंपनीत इंजिनिअर होता. झोपेत हृदय बंद पडलं. वय तिशीच्या आतबाहेर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. हे मला माहीत होतं, जयसिंगपूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. फक्त त्याच्या आईबापांना माहीत नव्हतं.

परक्यांना हे विचित्र वाटेल. आमच्याकडं मरण एकदम सांगत नाहीत, टप्प्याटप्प्यानं सांगतात. पहिल्या फोनला 'जरा बरं नाही'. दुसऱ्याला 'ॲडमिट केलंय'. तिसऱ्याला 'सीरियस आहे, निघून या'. चौथा फोन करावा लागत नाही. माणूस दारात पोचतो, चपलांचा ढीग बघतो आणि त्याचं त्याला कळतं. सन्मतीच्या बाबतीत तीन टप्पे रीतसर पार पडले होते. अडचण एवढीच की ज्या दारात चपला बघायच्या, ते दार सोलला होतं.

दाजींची बायपास झालेली. घरच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की तिकडं हॉस्पिटलात पोचल्यावर सांगा, चार डॉक्टर हाताशी असतील. सगळ्यांना ते पटलं. मग सांगणार कोण यावर विचार झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला इंग्रजी येतं, हे कारण पुढं करण्यात आलं. सांगायचं मराठीत होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

विमानतळावर कंपनीचे युन नावाचे गृहस्थ आले होते. काळा सूट, काळा टाय. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आईवडिलांना अजून कल्पना नाही.

त्यांनी विचारलं, "मग ते कशासाठी आले आहेत?"

"मुलगा आजारी आहे म्हणून."

मी त्यांना आमची पद्धत समजावून सांगितली. दुसऱ्याच्या धर्माविषयी ऐकावं तसं त्यांनी ते अदबीनं ऐकून घेतलं आणि टाय सोडून खिशात ठेवला.

हॉस्पिटलची कागदपत्रं दुपारनंतर तयार होणार होती. मी दाजींना सांगितलं की आयसीयूत दुपारनंतरच भेटायला सोडतात. हॉटेलात पिशव्या टाकल्या आणि दाजी खालच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायला लागले. तेवढ्यात आक्कानं खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "समोर राजवाडा हाय म्हणं. जाऊन येऊ या की."

दाजी थांबले. "पोरगं आयसीयूत आन् आपण राजवाडा बघायचा?"

"हितं येरझाऱ्या घालून त्याला बरं वाटणार हाय का? आलात की राजवाडा दाखवतो, म्हणत होता की न्हाई? आता आपलं आपण बघू आन् त्याला सांगू."

हे दाजींना पटलं. मला मात्र आक्काचं नवल वाटलं. ही माझी थोरली बहीण. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला केक आणला तर 'हे कुणाचं खूळ' म्हणून तो शेजारच्या पोरांना वाटून टाकणारी. राजवाड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पोशाख भाड्यानं देणारी दुकानं होती. असला पोशाख घातला की राजवाड्यात तिकीट पडत नाही. दाजी गमतीनं काचेपाशी थांबले, तर त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेली ती आक्काच. बिचारीला माहीत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

मोठ्या दरवाज्यावर रंगीत झग्यातले, नकली दाढीचे पहारेकरी उभे होते. तिकीट तपासणाऱ्या बाईंनी दाजींना वाकून नमस्कार केला. दाजींनीही वाकून केला. त्या परत वाकल्या. दाजीही परत वाकले. शेवटी आक्कानं त्यांची बाही ओढली.

आत दगडी फरशीचं प्रशस्त अंगण, समोर दोन मजली दरबार, त्याच्या मागं डोंगर आणि आजूबाजूला उंच काचेच्या इमारती. गिंको नावाची झाडं हळदीसारखी पिवळी झाली होती. फरशीवर ओळीनं बुटके दगडी खांब रोवलेले होते.

"हे कसले दगड?" दाजींनी विचारलं.

"दरबारात कुणी कुठं उभं राहायचं, त्याच्या खुणा. मोठे अधिकारी पुढं, लहान मागं."

"आन् लाकूडवाले?"

"फाटकाबाहेर."

"बरोबर हाय," दाजी म्हणाले आणि सगळ्यात पुढच्या दगडाशी जाऊन उभे राहिले.

दाजींची जयसिंगपुरात लाकडाची वखार. दरबाराच्या पायऱ्या चढून ते थेट खांबापाशी गेले, बोटांच्या पेरांनी टकटक केली, नाक लावून वास घेतला. "सागवान."

"पाइन आहे, दाजी. बोर्डावर लिहिलंय."

"बोर्ड लिहिणाऱ्यानं वखार बघितलेली नसती."

आत उंचावर राजाचं आसन होतं. मागं पडद्यावर पाच डोंगर, एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र, दोन्ही एकाच वेळी उगवलेले. दाजी दोरीला टेकून बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या मागं शाळेतल्या मुलींचा घोळका आला. राजाच राजाचं आसन बघतोय म्हणून त्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"आन् राजाचं पोरगं कुठं बसायचं?" दाजींनी विचारलं.

"युवराजाचा वाडा वेगळा. तिकडं, पूर्वेला. सूर्य उगवतो ती बाजू."

"म्हणजे राजाचं पोरगंसुद्धा बापापाशी राहत नव्हतं."

"याच आवारात आहे, दाजी. चालत जाता येतं."

"मग बरं," ते म्हणाले.

आक्का जरा मागं, खांबाला टेकून उभी होती. आता सांगावं, असं मला वाटलं. युन दुपारी राजवाड्यापाशी गाडी घेऊन येणार होते, त्याच्या आत सांगायला हवंच होतं. हॉस्पिटलात पोचल्यावर डॉक्टर हाताशी असतील, ही घरच्यांची समजूत. पण गाडी ज्या दारापुढं थांबणार होती, तिथं उपचार करणारं कुणी नसतं, हे मला युननी सकाळीच सांगितलं होतं.

"दाजी," मी म्हटलं, "सन्मतीचं जरा बोलायचं होतं."

"मलापण बोलायचंय." त्यांनी मला कोपरापाशी धरून बाजूला नेलं. "डिस्चार्ज मिळाला की त्याला सरळ गावाकडं न्यायचं. नोकरी गेली खड्ड्यात. वखारीच्या वरची खोली रिकामी करून घेतो. तू त्याला समजावून सांग. माझं ऐकत न्हाई, मामाचं ऐकतोय."

"हो."

"भांडणार तो. आता बरं न्हाई, तवर भांडणार न्हाई. म्हणून आताच विषय काढायचा. काय?"

"बरोबर आहे."

"तुझं काय होतं?"

"हेच," मी म्हटलं.

दाजी दरबाराला वळसा घालून मागचे खांब बघायला गेले. लाल झगा कोपऱ्यावरून दिसेनासा झाला. आक्का माझ्याजवळ आली.

"चल, तिकडं पाणी दिसतंय. बसू जरा."

एका मोठ्या तळ्यात दगडी खांबांवर उभा केलेला मंडप होता. राजेलोक तिथं पाहुण्यांना मेजवान्या द्यायचे. काठावरच्या बाकावर आम्ही बसलो. आक्कानं पिशवीतून दशम्या काढल्या, एक मला दिली, एक स्वतःच्या हातात धरून ठेवली.

"कधी गेला रे?"

मी दशमीचा तुकडा तोंडात घातला होता. तो तसाच राहिला.

"झोपेत गेला का जागेपणी, तेवढं सांग."

"झोपेत," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तळ्याकडं बघत राहिली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. कुणी कायसुद्धा बोललं न्हाई." तिनं दशमीची घडी घातली, परत उलगडली. "आपण निघायच्या दिवशी सकाळी पाटलाची सून डबा घेऊन आली. मग मगदुमाची म्हातारी. मग दोघी आणखी. पिठलं, भाकरी, भात. मी म्हटलं, माझी चूल पेटलेली हाय की, डबे कशाला? तर सगळ्या खाली बघायला लागल्या. आजारी माणसाच्या घरी कोण पिठलं-भाकरी आणून देतंय? आन् एकीनं तरी विचारावं की न्हाई, पोरगं कसं हाय म्हणून? एकीनं विचारलं न्हाई."

गल्लीला आम्ही तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. हातांचं सांगायचं राहून गेलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणी डबा पोचवतात. बायकांच्या हातांनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं तेच केलं होतं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ह्यांनी माझ्या देखत त्याच डब्यातलं खाल्लं. चांगलं झालंय म्हणाले पिठलं. रडून घेतलं मी विमानात. तुम्ही दोघं घोरत होता."

"आक्का, दाजींना आता सांगायला पाहिजे. गाडी यायची वेळ झाली."

"ठाऊक हाय."

"मी सांगतो."

"तू सांगू नको." तिचा आवाज चढला नाही. लहानपणी मला शाळेची चड्डी घालताना जसा असायचा, तसाच होता. "माझं पोरगं कालच गेलं, श्रेणिक. त्यांचं अजून हाय. राहू दे की थोडा वेळ. तेवढ्यासाठीच मी हितं घेऊन आले त्यांना. हॉटेलात बसले असते तर त्यांना कळलं असतं. तुझ्या तोंडाकडं बघूनसुद्धा कळलं असतं, तुला कुठं काय लपवता येतंय? म्हणून म्हटलं, राजवाडा बघू दे, झगा घालू दे, पोरींनी हसू दे त्यांना."

मंडपाची सावली तळ्यात पडली होती आणि मासे ती मोडत होते.

"पण सांगायचं कुणी?"

"मीच सांगणार. माझा हाय तो. आन् हे पण माझेच हायत."

तेवढ्यात दरबाराच्या बाजूनं युन येताना दिसले. वेळेच्या बरेच आधी आले होते. काळा सूट, आणि काळा टाय परत गळ्यात. ते लांबच थांबले, आम्हाला बघून दोन्ही हात समोर जुळवून खाली मान घालून उभे राहिले. आक्कानं त्यांच्याकडं बघितलं, हातातली दशमी पिशवीत ठेवली, पदर झटकला आणि उठली.

"तू हितंच थांब. त्यांना पण थांबव."

दाजी दरबारापुढच्या पायऱ्यांवर बसले होते. खांब बघून दमले असावेत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि झग्याच्या बाहीनं कपाळ पुसत होते. आक्का अंगणातून चालत गेली. मी आणि युन थोड्या अंतरानं मागं जाऊन अंगणाच्या कडेला उभे राहिलो.

"आता सांगणार आहेत का?" युननी हळू विचारलं.

"हो."

"इथं?"

"इथं."

आक्का त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. आधी त्यांच्या पाठीमागं हात नेऊन सैल झालेला पट्टा नीट केला. झग्याच्या गळ्यापाशी शर्टाची कॉलर आली होती, ती आत सारली. दाजी काहीतरी बोलले, बहुतेक खांबांविषयीच, कारण त्यांनी हात वर करून दाखवलं. तिनं तो हात धरून खाली घेतला, स्वतःच्या दोन्ही हातांत ठेवला आणि बोलली. फार बोलली नाही. एवढ्या लांबून मला फक्त तिची मान एकदा खाली जाऊन वर आलेली दिसली.

दाजी तिच्याकडं बघत राहिले. मग समोर बघायला लागले. आमच्याकडं नव्हे, अंगणातल्या त्या दगडांकडं. मी त्यांच्या छातीकडं बघत होतो, सोनेरी ड्रॅगन खालीवर होतोय का. होत होता. माझ्या शेजारी युननी कमरेत वाकून नमस्कार केला. त्या दोघांचं लक्ष नव्हतं, तरी ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

आणि तेवढ्यात त्या दोन मुली आल्या.

कुठल्या देशाच्या होत्या कोण जाणे. कोरियन नव्हत्या. एकीनं गुलाबी, दुसरीनं आकाशी घेरदार पोशाख भाड्यानं घेतला होता, केसांत फुलं खोचली होती. लाल झग्यातला मिशीवाला राजा बघून त्या पायऱ्यांशी थांबल्या, एकमेकींना कोपरानं ढोसलं आणि पुढं होऊन मोबाइल दाखवला. आमच्याबरोबर फोटो काढाल का, असं हातवाऱ्यांनी विचारायला लागल्या.

आक्कानं नको म्हणायला हात उचलला. मी धावणार होतो.

पण दाजी उठून उभे राहिले होते.

त्यांनी टोपी घातली. ती वाकडी बसली, म्हणून परत काढून नीट घातली. मुली त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. आसपास दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी मोबाइल आक्काच्या हातात दिला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. आक्कानं मोबाइल समोर धरला. आकाशी पोशाखातल्या मुलीनं दाजींकडं वळून स्वतःच्या गालांवर दोन बोटं ठेवली आणि ती वर ओढून दाखवली. हसा, असं.

दाजी हसले.

मुलींनी पुन्हा पुन्हा वाकून आभार मानले आणि झगे उचलून धरत पुढच्या दाराकडं पळाल्या. दाजी तिथंच उभे होते. आता खाली बसायचं असतं की उभं राहायचं असतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आक्कानं त्यांचा दंड धरला. मग आम्हीही गेलो.

पोशाख परत करायला दुकानात गेलो तेव्हा ती पोरगी हसत पुढं आली आणि चेहरे बघून थांबली. दाजी आरशापुढं उभे राहिले, पाठ आरशाकडं करून. पट्ट्याचा वेल्क्रो निघताना मोठा आवाज झाला. आतला शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. आक्कानं झगा त्यांच्या खांद्यावरून उतरवला, घडी घातली आणि पोरीच्या हातात दिली. दाजींनी टोपी स्वतः दिली, दोन्ही हातांनी.

गाडीत युन पुढं बसले. मागं आम्ही तिघं, दाजी मध्ये. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी झाडं होती, इमारती होत्या, माणसं कामाला चालली होती. आक्कानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. दाजी समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होते. मी त्यांच्या श्वासाकडं लक्ष ठेवून होतो, आणि ते काहीतरी बोलतील याचीच मला भीती वाटत होती. कसा गेला, कधी गेला, मला का सांगितलं नाही, सकाळपासून सगळ्यांनी मिळून मला का फिरवलं. त्यातलं काहीही त्यांनी विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

एका सिग्नलला गाडी थांबली.

"त्या पोरींचा फोटो," दाजी म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्याकडं वळलो.

"नीट आला असंल न्हवं? मला वाटतंय, मी हललो."

"न्हाई हलला," आक्का म्हणाली. "मी बघत होते."

दाजींनी मान हलवली. सिग्नल सुटला.